जर्मनीत घरी ‘आबमानुंग’ आली तर: टॉरेंटवरची गाणी आणि इंटरनेट ज्याच्या नावावर त्याची जबाबदारी

गेल्या नोव्हेंबरात रात्री साडेदहाला एका मुलाचा फोन आला. सांगलीकडचा, मास्टर्ससाठी सप्टेंबरात आलेला. “ताई, वकिलाचं पत्र आलंय. नऊशे युरो मागितलेत. शेवटच्या पानावर सहीची जागा आहे, मी सही करून उद्या पोस्टात टाकतो. म्हणजे विषय संपेल ना?”

मी म्हटलं, “आधी पेन खाली ठेव. आणि पत्र फाडूही नकोस.”

इंटरनेटवरून गाणी-सिनेमे बेकायदा वाटल्याबद्दल हक्कधारकाचा वकील पैसे आणि हमी मागणारं पत्र पाठवतो, त्याला इथे ‘आबमानुंग’ म्हणतात. ते आलं की मला असे फोन येतात, दरवर्षी दोन-तीन तरी. बहुतेक वेळा माणूस दोनपैकी एक चूक करून बसलेला असतो. एक तर घाबरून सही केलेली असते, नाहीतर कोणीतरी ‘अरे, सगळं फ्रॉड असतं, टाक कचऱ्यात’ म्हणून सांगितलेलं असतं. दोन्ही अंगाशी येतं. मी वकील नाही, पण चौदा वर्षं इथे राहून अशी बरीच पत्रं जवळून पाहिली आहेत. पत्र यायच्या आधी काय करायचं आणि आल्यावर काय करायचं, ते नव्याने येणाऱ्यांसाठी इथे लिहिते आहे.

आपल्यापैकी अनेकांच्या कॉलेजच्या दिवसांत हॉस्टेलच्या लॅनवर गाणी फिरायची, एकाची हार्ड डिस्क दहा खोल्यांत जायची. भारतातही कायदा आहेच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड लिहिलेला आहे. पण घरी बसून गाणी उतरवली म्हणून कोणाच्या दारात पोस्टमन आलेला आपण पाहिलेला नसतो. जर्मनीत पोस्टमन येतो.

पत्र येतं कसं

टॉरेंट म्हणजे एकमेकांच्या कॉम्प्युटरवरून फाइल तुकड्यातुकड्यांनी घ्यायची पद्धत. त्यावर गाणं नुसतं ‘उतरवलं’ जात नाही. जे तुकडे तुमच्याकडे आले, ते त्याच क्षणी तुमचा कॉम्प्युटर दुसऱ्यांना पाठवायला लागतो. जर्मन कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ए प्रमाणे एखादी कलाकृती लोकांना उपलब्ध करून देणं हा फक्त हक्कधारकाचा अधिकार आहे, आणि तुम्ही नेमकं तेच करत असता. ‘मी फक्त ऐकायला घेतलं, विकलं तर नाही’ हे उत्तर म्हणूनच इथे चालत नाही.

हक्कधारकांनी नेमलेल्या कंपन्या त्याच टॉरेंटमध्ये सामील होतात आणि कोणत्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेट कनेक्शनच्या ओळख-क्रमांकावरून, तुकडे येताहेत त्याची नोंद करतात. त्यांच्या हाती फक्त आकडे असतात, नाव नसतं. डॉइचे टेलिकॉमसारख्या इंटरनेट कंपन्या कोणता आयपी कोणत्या ग्राहकाकडे होता याची नोंद साधारण आठवडाभर ठेवतात. म्हणून वकील घाईने न्यायालयात जातात, आधी ती नोंद जपून ठेवायला लावतात आणि मग कायद्याच्या कलम १०१ खाली नाव-पत्ता मागतात. न्यायालयाने तो आदेश दिला म्हणजे तुम्ही दोषी ठरलात असा अर्थ होत नाही, हे आधी मनाशी पक्कं करा. कनेक्शन कोणाच्या नावावर आहे, एवढंच त्यातून कळतं.

पत्र उघडल्यावर दिसतं ते असं: दहा-बारा पानं, पहिल्या पानावर मोठ्या वकिली फर्मचं नाव, मध्ये एक तक्ता. तक्त्यात तारीख, सेकंदापर्यंत वेळ, आयपी पत्ता, फाइलचं नाव आणि हॅश नावाची आकड्या-अक्षरांची लांब ओळ. पुढे पैशाची मागणी आणि शेवटी तयार छापलेलं हमीपत्र, ‘उंटरलासुंग्सएर्क्लेरुंग’. या सगळ्याला मिळून म्हणायचं आबमानुंग.

सांगलीच्या मुलाचा लॅपटॉप आम्ही तक्त्यातल्या तारखेशी ताडून पाहिला. जर्मनीत आल्यावर त्याने एकही गाणं उतरवलेलं नव्हतं, हे तो शपथेवर सांगत होता आणि ते खरंही होतं. पण घरून निघण्याआधी उतरवलेला अल्बम फोल्डरमध्ये पडून होता, आणि टॉरेंटचा प्रोग्रॅम विंडोज सुरू झालं की आपोआप सुरू होत होता. इथल्या वायफायला जोडल्यापासून तो सहा आठवडे मुकाट्याने ते गाणं जगाला वाटत होता. खाली उजव्या कोपऱ्यातल्या छोट्या बाणामागे लपलेलं हिरवं चिन्ह त्याने कधी उघडून पाहिलंच नव्हतं.

म्हणून पहिली पायरी विमानात बसायच्या आधीची. लॅपटॉपवरचा टॉरेंट प्रोग्रॅम पूर्ण काढून टाका. फोन आणि टॅबलेटही तपासा. ‘पॉपकॉर्न टाइम’सारखी अ‍ॅप दिसायला स्ट्रीमिंगची वाटतात, पण आतून टॉरेंटच चालवतात. तीच गोष्ट टीव्हीला जोडायच्या काही स्वस्त बॉक्सची. अशा अ‍ॅपवरून सिनेमा ‘फक्त पाहिलेल्या’ माणसालाही पत्र येतं.

जबाबदारी नेमकी कोणाची

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत, त्यामुळे जरा सविस्तर सांगते.

पत्र येतं ते ज्याच्या नावावर इंटरनेट कनेक्शन आहे त्याला, गाणं कोणीही वाटलेलं असो. आपल्याकडे चार मुलं मिळून वेगे, म्हणजे शेअर केलेला फ्लॅट घेतात आणि ज्याचं जर्मन बरं त्याच्या नावावर इंटरनेट घेतात. पत्र त्याच्या नावाने येणार.

न्यायालय सुरुवातीला असं धरून चालतं की कनेक्शन ज्याचं, त्यानेच केलं असावं. हे गृहीत मोडता येतं. मात्र त्यासाठी त्या वेळी घरात आणखी कोण-कोण स्वतंत्रपणे इंटरनेट वापरत होतं आणि त्यांच्यापैकी कोणी हे केलं असण्याची शक्यता का आहे, हे ठोसपणे सांगावं लागतं. नुसतं ‘मी नाही केलं’ म्हणून हात वर केले तर पुरत नाही. तुम्ही घरात चौकशी करायची आणि जे कळलं ते खरं सांगायचं, एवढी अपेक्षा असते. बायकोचा किंवा नवऱ्याचा कॉम्प्युटर उघडून तपासायची सक्ती नाही, असं कार्ल्सरूहच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ६ ऑक्टोबर २०१६ ला स्पष्ट केलं आहे.

मुलांच्या बाबतीत दोन निकाल शेजारी ठेवून वाचा. पहिला १५ नोव्हेंबर २०१२ चा. तेरा वर्षांच्या मुलाने वाढदिवसाला मिळालेल्या जुन्या कॉम्प्युटरवरून ११४७ गाणी शेअर केली होती. आईवडिलांनी त्याला बेकायदा फाइल-शेअरिंग करायचं नाही असं बजावलेलं होतं. न्यायालय म्हणालं, शंका यायला काही कारण नसताना आईवडिलांनी मुलाच्या कॉम्प्युटरवर सतत पाळत ठेवायची गरज नाही. आईवडील सुटले. दुसरा निकाल ११ जून २०१५ चा. चौदा वर्षांच्या मुलीने गाणी वाटली होती, आणि तिला आधी नीट समजावलं होतं हे आईला दाखवता आलं नाही. आईला पैसे भरावे लागले. ‘नीट वाग, अभ्यास कर’ एवढं मोघम सांगणं पुरत नाही. टॉरेंटवरून गाणी-सिनेमे घ्यायचे नाहीत, आणि का नाहीत, हे नाव घेऊन सांगावं लागतं. माझी मुलगी अकरा वर्षांची झाली तेव्हा तिच्याशी बसून बोलले, मग एका कागदावर दोन ओळी लिहून तिची सही घेतली आणि तारीख टाकली. तिला गंमत वाटली. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

मोठ्या मुलांचं आणि पाहुण्यांचं वेगळं. ८ जानेवारी २०१४ च्या निकालात वीस वर्षांच्या सावत्र मुलाने ३७४९ गाणी शेअर केली होती आणि कनेक्शन सावत्र वडिलांचं होतं. सज्ञान कुटुंबीयांवर विश्वास ठेवायचा हक्क घरच्यांना आहे, काही ठोस संशय असल्याशिवाय त्यांना आधी ताकीद द्यायची गरज नाही, असं न्यायालयाने म्हटलं. १२ मे २०१६ ला हीच गोष्ट सज्ञान पाहुण्यांना आणि फ्लॅटमेटना लागू झाली. त्या प्रकरणात ऑस्ट्रेलियाहून आलेली भाची आणि तिचा जोडीदार होते. आपल्याकडे उन्हाळ्यात आईबाबा तीन महिन्यांसाठी येतात, पाठोपाठ मामेभाऊ युरोप फिरायला येतो आणि सोफ्यावर झोपतो. त्यामुळे हा निकाल आपल्यासाठी फार कामाचा आहे.

पण कुटुंबाच्या आड लपता येईल असं समजू नका. म्युनिकच्या एका जोडप्याला त्यांच्या तीन सज्ञान मुलांपैकी कोणी अल्बम शेअर केला ते ठाऊक होतं. त्यांनी ते न्यायालयात मान्यही केलं, पण नाव सांगितलं नाही. ३० मार्च २०१७ ला निकाल त्यांच्या विरोधात गेला आणि साडेतीन हजार युरोंहून जास्त रक्कम त्यांच्यावर पडली. जर्मनीच्या घटना न्यायालयानेही २०१९ मध्ये त्यात बदल केला नाही. स्वतःच्या मुलाविरुद्ध बोलायची सक्ती नाही, पण गप्प राहायचं ठरवलं तर पैसे तुम्ही भरायचे, असा त्याचा अर्थ. आई म्हणून हा निकाल मला कठोर वाटतो. तरी तो माहीत असायलाच हवा, कारण न्यायालयात काय बोलायचं हे त्यावर ठरतं.

उघड्या वायफायबद्दलही विचारतात. २०१० च्या निकालात पासवर्ड नीट न ठेवणाऱ्या माणसावर वकिलाचा खर्च पडला होता. २०१७ मध्ये कायदा बदलला आणि दुसऱ्याने केलेल्या गोष्टीसाठी वायफाय देणाऱ्याला भरपाई किंवा वकिली खर्च भरायला लावणं बंद झालं. पण ते काम दुसऱ्याचं होतं हे आधी पटवून द्यावं लागतं. पासवर्ड ठेवाच.

पत्र हातात पडल्यावर

पाकिटावर आल्याची तारीख लिहा. पत्रातली मुदत शोधा, बहुधा आठ-दहा दिवसांची असते, आणि ती कॅलेंडरवर टाका. सगळी पानं फोनवर स्कॅन करा.

मग शांतपणे पाहा की हे खरं आहे का. खऱ्या आबमानुंगा सहसा पोस्टाने येतात. ई-मेलने आलेली, सोबत झिप फाइल जोडलेली आणि ताबडतोब पैसे पाठवायला सांगणारी ‘नोटीस’ बहुतेक वेळा फसवणूक असते. ती जोडलेली फाइल उघडू नका. पोस्टाने आलं असेल तर फर्मचं नाव स्वतः नेटवर शोधा, पत्रातला फोन नंबर वापरू नका.

फर्मला फोन करू नका. घाबरलेला माणूस फोनवर ‘हो, चुकून झालं, सॉरी’ म्हणून जातो, आणि ते पुढे त्याच्याविरुद्ध वापरलं जातं.

छापील हमीपत्रावर सही करू नका. हे सगळ्यात महत्त्वाचं. त्यात अनेकदा गुन्ह्याची कबुली, पूर्ण रक्कम भरायचं वचन आणि पुन्हा घडल्यास हजारो युरोंचा करारी दंड असं सगळं एकत्र गुंफलेलं असतं. हा करार कायम राहतो. सही केल्यावर तीन वर्षांनी जुन्या हार्ड डिस्कवरून तेच गाणं पुन्हा वाटलं गेलं, तर दंडाची मागणी वेगळी उभी राहते.

पण काहीच न करणंही बरोबर नाही. ठरलेल्या मुदतीत उत्तर गेलं नाही तर ते न्यायालयातून तातडीचा मनाई हुकूम मागू शकतात आणि त्याचा खर्च मूळ मागणीपेक्षा जड जातो. यावर वकील वापरतात तो मार्ग म्हणजे बदललेलं हमीपत्र. ‘हे पुन्हा होणार नाही’ एवढंच वचन, कबुली नाही, रकमेचं वचन नाही आणि दंडाची ठरावीक रक्कमही नाही. तुम्ही खरंच काही केलेलं नसेल तर असं पत्र द्यायचं की नाही, हा निर्णय वकिलाशी बोलूनच घ्या. नेटवर सापडलेला नमुना उचलून पाठवू नका. एका शब्दाने अर्थ फिरतो, आणि जर्मन आपली मातृभाषा नाही.

त्याच दिवशी घरातल्या प्रत्येकाला विचारा. ‘अमुक तारखेला या वेळी कोण घरी होतं, कोण नेटवर होतं?’ उत्तरं लिहून ठेवा. त्या दिवशी तुम्ही कामावर किंवा गावाबाहेर असाल तर रेल्वेचं तिकीट, ऑफिसची नोंद, जे असेल ते जपून ठेवा. लॅपटॉप फॉरमॅट करू नका. बेकायदा शेअरिंग चालू असेल तर ते मात्र त्याच क्षणी बंद करा.

मदत कुठे मिळते

विद्यार्थी असाल तर आधी विद्यापीठात जा. अनेक ठिकाणी विद्यार्थी संघटना किंवा श्टुडिरेंडनवेर्क, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सोयी पाहणारी संस्था, यांच्यातर्फे वकिलाचा मोफत सल्ला मिळतो. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी वकील बसतो, सोबत पत्र आणि पासपोर्ट न्यायचा.

दुसरं ठिकाण म्हणजे फरब्राउखरत्सेंट्राले, ग्राहकांची सल्ला केंद्रं. प्रत्येक राज्यात आहेत, माफक फी घेतात आणि अशी पत्रं त्यांनी पुष्कळ पाहिलेली असतात.

उत्पन्न कमी असेल तर आपल्या भागातल्या आम्ट्सगेरिश्टमध्ये, म्हणजे स्थानिक न्यायालयात, ‘बेराटुंग्सहिल्फे’साठी अर्ज करा. बँकेची स्टेटमेंट, भाडेकरार, नोकरी असेल तर पगाराची स्लिप न्या. मंजूर झालं की एक प्रमाणपत्र मिळतं. ते घेऊन कोणत्याही वकिलाकडे गेलात तर तुमच्याकडून १५ युरो घेतले जातात, बाकीचं सरकार देतं. नव्याने आलेल्यांना हे माहीतच नसतं. सांगलीच्या मुलाने हाच रस्ता धरला. कायदेशीर विम्यावर मात्र विसंबू नका, बहुतेक पॉलिसींत कॉपीराइटचे वाद वगळलेले असतात.

मागितलेले पैसे आणि द्यायचे पैसे

पत्रातल्या रकमेत दोन भाग असतात, वकिलाचा खर्च आणि भरपाई. ९ ऑक्टोबर २०१३ पासून लागू झालेल्या बदलाने पहिल्या भागाला लगाम बसला. खासगी माणसाच्या पहिल्याच चुकीसाठी मनाईच्या, म्हणजे ‘हे पुन्हा करू नका’ या मागणीचं मूल्य १००० युरो धरून वकिलाची फी मोजायची, म्हणजे त्या भागापुरता खर्च दीडशे-पावणेदोनशे युरोंच्या आसपास येतो. त्याआधी हाच खर्च हजारांत जायचा.

भरपाईला अशी सरसकट मर्यादा नाही. जून २०१५ च्या निकालांत न्यायालयाने गाण्यामागे २०० युरो मान्य केले, आणि एका प्रकरणात १५ गाण्यांचे ३००० युरो झाले. एका अल्बममध्ये किती गाणी असतात ते आठवून पाहा. बरीच प्रकरणं वकिलांमार्फत कमी रकमेवर मिटतात आणि हप्तेही करून मिळतात. सांगलीच्या मुलाच्या लॅपटॉपवरून खरंच गाणं वाटलं गेलं होतं, त्यामुळे त्याच्या वकिलाने बदललेलं हमीपत्र पाठवलं आणि पैशांवर बोलणी केली. शेवटी मागणीच्या निम्म्याहून कमी रक्कम त्याने सहा हप्त्यांत फेडली.

रडत विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, ‘माझा व्हिसा जाईल का?’ आबमानुंग हे दिवाणी प्रकरण आहे, एका खासगी पक्षाची दुसऱ्याकडे मागणी. पोलिसांनी पाठवलेलं ते पत्र नाही. फक्त या भीतीपोटी सही करू नका.

पिवळं पाकीट

पत्रं येऊन थांबली, वर्ष उलटलं, आणि एक दिवस पेटीत पिवळं पाकीट दिसलं तर कानाडोळा करू नका. पोस्टमनने त्यावर हाताने तारीख लिहिलेली असते. आत मानबेशाइड, म्हणजे न्यायालयामार्फत आलेला वसुलीचा हुकूम असतो. मागणी खरी की खोटी हे न्यायालयाने तपासलेलं नसतं. त्या तारखेपासून दोन आठवड्यांत तुम्ही सोबतच्या फॉर्मवर विडरश्प्रुख, म्हणजे हरकत, नोंदवली नाही तर पुढचा टप्पा थेट जप्तीपर्यंत जातो. खूण करा, सही करा, पोस्टाची पावती ठेवा. भारतात सुट्टीवर गेलात तरी पेटी कोणीतरी उघडत राहील अशी सोय करा. डिसेंबरात सहा आठवडे पुण्यात राहून परतलेल्या एका कुटुंबाची ही मुदत नुसती पेटी बंद राहिल्यामुळे हुकली होती.

प्रकरण जुनं झालं म्हणून सुटलं असं समजू नका. वकिलाच्या खर्चाची मुदत तीन वर्षांची असते, पण भरपाईची मागणी दहा वर्षांपर्यंत करता येते असं न्यायालयाने २०१६ मध्ये ठरवलं आहे.

घर लावताना आणि सोडताना

राउटरचा छापील पासवर्ड बदलून स्वतःचा लांब पासवर्ड ठेवा. फ्रिट्झबॉक्स (इथला एक राउटर) असेल तर त्यात पाहुण्यांसाठी वेगळं जाळं सुरू करता येतं आणि त्यावर फक्त ब्राउझिंग व ई-मेल चालेल असं बंधनही घालता येतं. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला तोच पासवर्ड मिळतो, फ्रिजवर चिकटवलेला आहे.

वेगेमध्ये राहत असाल तर पहिल्या आठवड्यातच एक साधा कागद करा: कनेक्शन कोणाच्या नावावर, कोण-कोण वापरतं, टॉरेंट चालवायचं नाही, चालवलं तर खर्च चालवणाऱ्याचा. चौघांच्या सह्या आणि तारीख. मित्रांत असं लिहून घेणं अवघड वाटतं खरं, पण नऊशे युरोंचं पत्र टेबलावर असताना तेच बोलणं दहापट अवघड होतं.

खोली दुसऱ्याला देऊन तीन महिने इंटर्नशिपला जाताना इंटरनेट तुमच्याच नावावर राहतं, हे लक्षात ठेवा. नव्या भाडेकरूचं नाव, तो कधीपासून राहायला आला आणि त्याला वायफायचा पासवर्ड दिल्याची तारीख लिहून ठेवा. आणि घर कायमचं सोडताना कनेक्शन रद्द करा किंवा रीतसर दुसऱ्याच्या नावावर करा, राउटर परत केल्याची पावती घ्या आणि कंपनीचं रद्द झाल्याचं पत्र त्याच फाइलमध्ये दहा वर्षं लावून ठेवा.